माझ्या हाडाला किती पेलवेल

गुडघ्याच्या वर, मांडी संपते तिथं कळ येते, पाय टाकताना आत काहीतरी दबल्यासारखं होतं, आणि घरातले म्हणतात हिचे नखरे चाललेत, अशी एखादी बाई हे वाचत असेल तर तिच्यासाठी मी लिहिते आहे. मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. मीही कोणाला नीट सांगितलं नाही. आठ महिने ती कळ घेऊन मी पाणी वाहिलं.

मी संगीता. गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अलीकडं आमचं गाव. बारावीनंतर लग्न झालं आणि पुढं गावच्या दूध संस्थेत कामाला लागले. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, यंत्रावर त्याची फॅट लावायची, ज्याची त्याला पावती द्यायची. आमचे हे त्याच संस्थेचा टेम्पो चालवतात. घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आणि आमची अंकिता, तेव्हा चौथीला होती.

कळ सुरू झाली त्या सालाच्या आधीचं सालही कोरडंच गेलं होतं. विहिरी, बोअर सगळं आटलं. निम्मी जनावरं चारा छावणीवर गेली आणि संस्थेत दुधाचे कॅन अर्धे यायला लागले. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा, शाळेमागच्या टाकीत पाणी ओतून जायचा. टाकीपासून आमचं घर चढावर. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, अशा आठ खेपा. पाणी बायकांनीच आणायचं, याच्यावर गावात कधी बोलणंच झालं नव्हतं.

आत्या माझ्या तोंडावर काही बोलत नसत, पण शेजारणीला सांगताना आवाज बारीकही करत नसत. "टँकर आला की हिचा गुडगा दुखतो. संस्थेत चार तास हुबी ऱ्हाती तवा न्हाई दुखत."

ते तसं खरंच होतं. दुखायचा उजवा पाय; संस्थेत मी डाव्या पायावर उभी राहायचे आणि टेबलाला टेकायचे. घागरीला टेकायला काही नसतं.

एक्स-रे

गेवराईच्या एका डॉक्टरांनी तीन महिने इंजेक्शनं दिली. गुडघ्याची झीज आहे म्हणाले. मी एकतीस वर्षांची होते. झीज इतक्या लवकर होते का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग गुडघ्याच्या वर सूज दिसायला लागली. एक दिवस दूध पोचवून झाल्यावर हे म्हणाले, चल, बीडला दाखवून येऊ. स्टँडवर उतरून मी दवाखान्यापर्यंत चालत गेले. एक्स-रे काढणारा माणूस सुरुवातीला गप्पा मारत होता, कुठलं गाव, पाऊस कसा. फिल्म पाहिल्यावर तो गप्प झाला.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मलाही दिसत होतं. मांडीचं हाड खाली येता येता एका जागी फुगलं होतं आणि आत नुसता अंधार होता. कडेनं एक पांढरी रेघ राहिली होती, भाकरी फुगल्यावर वरचा पापुद्रा असतो तेवढी.

"तुम्ही चालत आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, स्टँडवरून."

ते उठले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी माझ्याकडं सरकवली. "आता हा पाय खाली टेकवायचा नाही. संडासला जातानासुद्धा नाही."

"झालंय काय पण?" हे म्हणाले.

"हाड आतून पोकळ झालंय. गाठ आहे. कसली आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही. पण कवच इतकं पातळ आहे, की ठेच लागली तरी मोडेल. आणि आत्ता मोडलं तर पाय वाचवणं अवघड जाईल."

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. ह्यांनी मला पाठीवर घेतलं आणि जिना उतरले. भर बाजारात नवऱ्याच्या पाठीवर बसलेली बाई मी तोपर्यंत कधी पाहिली नव्हती. लोक बघत होते. मी ह्यांच्या शर्टात तोंड खुपसलं. ह्यांची मान घामानं भिजली होती आणि हे एकच सारखं म्हणत होते, "हालू नको. हालू नको तू."

आमच्या संस्थेचे चेअरमन, आण्णा म्हणतो आम्ही त्यांना, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. बाजेवर मी पडलेली होते, पायाच्या दोन्ही बाजूंना उशा. आण्णा दारातूनच म्हणाले, "उद्याचं दूध पोरं मोटारसायकलीवर नेतील. टेम्पो औरंगाबादला जाऊ द्या." टेम्पोत दोन गाद्या अंथरल्या, रिकामे कॅन कडेला बांधले. त्या दुधाच्या आंबूस वासात मी औरंगाबादला गेले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता.

वॉर्ड

मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मला खिडकीजवळचा पलंग मिळाला. उजाडताना फरशी पुसायचे, फिनेलच्या वासानं जाग यायची. मग ताप बघायचा, मग गोळ्या, नऊला डॉक्टरांची फेरी. बेडपॅन मागायची मला इतकी लाज वाटायची, की पहिले दोन दिवस मी पाणीच प्यायले नाही.

शेजारच्या पलंगावर तेलगावकडच्या कौसल्याबाई होत्या. ऊसाच्या ट्रॉलीवरून पडून त्यांची मांडी मोडली होती. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. रोज सकाळी माझा पलंग त्यांच्या पलंगाला चिकटवायला लावायच्या आणि पडल्या पडल्या माझी वेणी घालायच्या. "डोकं इंचरलं की माणसाला आजारी वाटत न्हाई," म्हणायच्या. वेणी वाकडी यायची. ती मी दिवसभर सोडत नसे.

सुई घालून गाठीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. आठव्या दिवशी मोठे सर्जन पलंगाशी आले, स्टूल ओढून बसले. उभ्या उभ्या न सांगता बसले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"ही गाठ कॅन्सरसारखी सगळीकडं सहसा पसरत नाही," ते म्हणाले. "पण जागेवर राहून हाड खाते. आणि काढल्यावर पुन्हा येऊ शकते."

मला त्यातला 'पुन्हा' एवढाच शब्द ऐकू आला.

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, गुडघ्यासकट तो सगळा भाग कापून धातूचा सांधा बसवायचा. तो काही वर्षांनी खिळखिळा होतो, मग पुन्हा ऑपरेशन. दुसरा, गाठ खरवडून काढायची, पोकळीत हाडाचं सिमेंट भरायचं, वरून धातूची पट्टी ठोकायची. गुडघा माझाच राहील. पण उरलेलं कवच तेवढं सोसणारं असलं तरच.

"पाय कापायची पाळी येईल का?" मी विचारलं.

"ती येऊ नये म्हणूनच चाललंय सगळं." ते 'नाही' असं म्हणाले नाहीत.

मग म्हणाले, "कवच सोसेल का, हे मी नजरेनं सांगू शकतो. पण नुसत्या नजरेवर तुमचा गुडघा काढून टाकायचा नाही मला. इथं इंजिनिअरिंग कॉलेजात एक मॅडम आहेत. तुमच्या स्कॅनवरून त्या कॉम्प्युटरवर हाड तयार करतात आणि कुठं किती ताण येतो ते बघतात. त्यांच्याकडं जाऊन या."

आत्या पाटीवर उभ्या राहिल्या

ह्यांना टेम्पोवर परत जावं लागलं होतं, म्हणून माझ्याजवळ आत्या आल्या होत्या. त्या पलंगाखाली चटई टाकून झोपायच्या, माझं सगळं करायच्या, पण बोलायच्या कमी. माझ्या दुखण्यावर त्यांचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता असं मला वाटायचं. फिल्ममधला अंधार त्यांना समजत नव्हता, आणि बाहेरून माझा पाय सुजला होता इतकंच.

मला चाकाच्या खुर्चीतून तिथं नेलं. कॉलेजातल्या मॅडमचं नाव नाझनीन. बीडच्याच. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात, त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग पडदा माझ्याकडं वळवला आणि माझं हाड त्यावर उभं होतं. पायाला न लागलेलं, नुसतं हाड. त्या बोटानं ते फिरवत होत्या आणि मला मांडीत मुंग्या आल्यासारखं होत होतं.

त्यांनी समजावून सांगितलं. स्कॅनमध्ये हाडाचे पातळ पातळ काप दिसतात. ते काप एकावर एक रचून हे हाड उभं केलंय. मग त्याचे लाखो बारके तुकडे पाडलेत. जिथं स्कॅन पांढरा तिथं हाड टणक, जिथं काळपट तिथं मऊ, तसं प्रत्येक तुकड्याला सांगितलंय. आता वरून वजन टाकायचं. प्रत्येक तुकडा किती दबतो, किती ओढला जातो, हे कॉम्प्युटर मोजतो. निळं म्हणजे निवांत. पिवळं म्हणजे ताण आहे पण सोसेल. लाल म्हणजे तिथून तडा.

"गाठ काढून सिमेंट भरलं आणि बाहेरून एक पट्टी लावली, तर कसं राहील ते हे," त्या म्हणाल्या. पडद्यावरचं हाड निळं-हिरवं होतं, आतल्या बाजूला एक पिवळा डाग. "चालायला चालेल असं दिसतंय."

मी आत्यांकडं पाहिलं. त्या दाराजवळ खाली बसल्या होत्या.

नाझनीन मॅडमनी वही काढली. "उठल्यापासून निजेपर्यंत तुम्ही काय काय करता?"

मी सांगत गेले. झाडलोट, भाकरी, संस्था, कॅन उचलून टेम्पोत. टँकरचा दिवस असला की पाणी. त्या लिहीत होत्या, मधेच थांबल्या.

"भरलेली घागर डोक्यावर, आणि कळशी?"

"उजव्या कमरेवर."

"आणि घागर उचलताना उकिडवं बसून उठता?"

"मग कसं उचलणार?"

त्या खुर्चीत मागं टेकल्या. "मी तुम्हाला सपाट जमिनीवर मोकळ्या हातानं चालवलं होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात तसंच असतं. आमच्या घरी अम्मीनं जन्मभर पाणी भरलं आणि माझ्या लक्षात आलं न्हाई बघा."

आता ते मोजायचं कसं हा प्रश्न होता. त्यांच्या खोलीत जमिनीत एक चौकोनी लोखंडी पाटी बसवलेली होती. तिच्यावर पाय दिला की किती जोर पडला त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटते. पण मला तर पाय टेकवायचा नव्हता.

"मी दावते की," आत्या दारातून म्हणाल्या.

मॅडमनी कँटीनमधून पाण्याचा मोठा प्लास्टिकचा जार आणवला. आत्यांनी तो हातानं चाचपला. "ह्याला ना गळा, ना काठ. हे डोक्यावर ठरतंय व्हय?" शेवटी वॉचमनच्या बायकोनं तिची घागर आणि कळशी दिली. आत्यांच्या गुडघ्यावर, घोट्यावर, कमरेवर चमकणाऱ्या टिकल्या चिकटवल्या, कॅमेऱ्याला हालचाल दिसावी म्हणून. "टिकल्या कपाळाला लावत्यात," आत्या पुटपुटल्या. पण पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि पाटीवर उभ्या राहिल्या.

उकिडव्या बसल्या. घागर मांडीवर घेतली, तिथून एका झोकात डोक्यावर. कळशी कमरेला. आणि उठल्या. त्या साठीच्या पुढं होत्या. उठताना त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या. मी बारा वर्षं त्यांना पाणी आणताना बघत होते आणि शेजारून माझंही आणत होते, पण खुर्चीत बसून, काही न करता, असं मी त्यांच्याकडं पहिल्यांदाच पाहिलं.

मॅडमनी त्यांना पाच वेळा उठवलं. पाचव्या वेळी आत्या म्हणाल्या, "झालं का तुमच्या मशिनीचं?"

आकडे आत्यांचे, हाड माझं. त्याचं गणित जमवायला कॉम्प्युटरला दोन-तीन तास लागणार होते. आम्ही बाहेरच्या ओट्यावर भाकरी खाल्ली. आत्या आडव्या झाल्या. मी भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा पडद्यावर तेच हाड होतं. आतल्या बाजूनं, सिमेंट जिथं संपतं तिथं, लाल पट्टा होता. तो अर्ध्या हाडाला वेढून गेला होता.

आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "हे कशानं लाल झालं?"

"घागर घेऊन उठताना," मॅडम म्हणाल्या. "आधी इथं तडा जाईल."

"हे औषदपानी केल्यावरचं ना?"

"हो. ऑपरेशननंतरचं."

"मंग आत्ताचं कसं हाय?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी आत्ताचं आजारी हाड पडद्यावर आणलं आणि त्याच्यावर आत्यांची घागर ठेवली. आता वेगळा असा पट्टा राहिलाच नाही. गुडघ्याच्या वर सगळं लाल झालं.

"कालपरवापर्यंत हिनं आठ-आठ खेपा घातल्यात," आत्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नव्हे.

मॅडमनी आतल्या बाजूनंही दुसरी पट्टी लावून पुन्हा गणित घातलं, तेव्हा लाल कमी होऊन नारिंगी झालं. "हा अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "माझा चुकू शकतो. मी डॉक्टरांना एवढंच सांगेन, की दोन पट्ट्या लावा, आणि यांनी पुन्हा उकिडवं बसून ओझं घेऊ नये. कधीच."

रिक्षात आत्यांनी माझा पाय त्यांच्या मांडीवर घेतला. वॉर्डापर्यंत दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता. खड्डा आला की त्या स्वतः वर उचलल्या जायच्या आणि पाय तसाच राहायचा.

तारखेची वाट

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर घरी नेलं. माझ्या दुखण्यातले सगळ्यात वाईट दिवस ते. ऑपरेशनचे नव्हेत.

चित्र पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. आधी नुसती कळ होती. आता मला माहीत होतं कुठून मोडणार. कूस बदलायची भीती, शिंकायची भीती. अंकिता बाजेच्या लांबून वळसा घालून जायची. जवळ बोलावलं तर म्हणायची, "न्हाई, तुझा पाय मोडंल." आईच्या अंगाला हात लावायला लेकरू भ्यायला लागलं होतं.

पाणी आत्या आणत होत्या. एकट्या. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही दोन खेपा घाला की." हे म्हणाले, "टाकीवर सगळ्या बायका असत्यात. मी घागर घेऊन त्यांच्यात कसा जाऊ?" मी म्हटलं, "मला पाठीवर घेऊन बीडच्या बाजारातून आलात." हे कॅन घासायला निघून गेले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्याही दिवशी नाही.

संस्थेत दूध इतकं कमी झालं, की आमचं दूध घेणाऱ्या संघानं गाडीचा खर्च परवडत नाही म्हणून आमचं केंद्र बंद केलं. हे सांगायला आण्णा आले तेव्हा त्यांना माझ्याकडं बघवेना. माझी नोकरी आणि ह्यांची गाडी एकाच दिवशी थांबली. ह्यांनी छावणीवर चारा उतरवायचं काम धरलं.

एक दुपार मी लपवून ठेवू शकते, पण मग हे लिहिण्यात अर्थ नाही. घरात कोणी नव्हतं. मला वाटलं, मोडायचं तर एकदाचं मोडू दे. कापायचा तर कापू दे. ही वाट बघणं नको. मी दोन्ही पाय बाजेखाली सोडले. उजवा जमिनीला लावला. फरशी गार होती. फक्त उठायचं राहिलं होतं. मी बाजेच्या काठाला धरून तशीच बसले, किती वेळ ते सांगता येत नाही.

आत्या घागर घेऊन आत आल्या. त्यांनी माझा पाय पाहिला, माझं तोंड पाहिलं. घागर घडवंचीवर ठेवली, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माझा पाय उचलून बाजेवर ठेवला, बाळाला ठेवतात तसा.

"तिथं लाल हाय बाई," त्या म्हणाल्या. "इसरली का?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं.

ऑपरेशन

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं थोडंच आहे. कमरेखाली बधिर केलं होतं, हातोडीचे आवाज येत होते. सर्जननी दोन पट्ट्या लावल्या, नाझनीन मॅडमनी दाखवल्या होत्या तशा. शुद्धीत होते म्हणून मी विचारलं, "गुडघा राहिला का?" कोणीतरी मास्कच्या आडून म्हणालं, "राहिला, तुमचाच आहे."

गुडघा वाकवायला शिकवणारी मुलगी रोज यायची. ती वाकवायची आणि मी चादर चावायचे. शेवटी पाय खुर्चीत बसण्याइतका वाकायला लागला. त्याच्या पुढं नाही. आणि तीन महिने कुबड्या.

टाकीजवळ

घरी आल्याला सहा आठवडे झाले होते. टँकर आता तीन दिवसांनी यायला लागला होता, त्यामुळं टाकीवर झुंबड. मी ओट्यावर खुर्चीत बसले होते. शेजारची कमल पळत आली आणि म्हणाली, "वहिनी, आत्या पडल्या."

टाकीच्या तोटीखाली शेवाळ धरलं होतं. भरलेली घागर डोक्यावर, आणि पाय घसरला. चौघींनी त्यांना घोंगडीत घालून आणलं आणि सावलीत ओट्याच्या खाली ठेवलं. त्यांचा उजवा पाय बाहेर वळला होता. तो तसा का वळतो हे मला वॉर्डात पाहून पाहून माहीत झालं होतं. खुबा मोडला होता.

"पानी," त्या म्हणाल्या.

बायका गाडी बघायला धावल्या होत्या. तांब्या माझ्याजवळच होता. पण मी ओट्यावर, त्या जमिनीवर, आणि मला वाकून बसता येत नव्हतं. कुबड्या टाकून मी ओट्याच्या पायरीवर बसले, उजवा पाय पुढं ताठ ठेवला आणि बुडावर घसरत घसरत एकेक पायरी उतरले. तांब्यातलं निम्मं पाणी सांडलं. निम्मं त्यांच्या तोंडात घातलं.

"तू कावून उतरली?" त्या म्हणाल्या. डोळे मिटलेले. "तुला सांगितलंय ना त्यांनी."

आम्ही दोघी गाडी येईपर्यंत त्या मातीत बसून होतो. त्या वेदनेनं कण्हत होत्या आणि मला वाटत होतं हे मी केलंय. माझ्या हाडावरची घागर मी त्यांच्या हाडावर ठेवली. डॉक्टर म्हणाले ओझं घेऊ नका, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, आणि ते मग कोण घेणार, हे एकानंही विचारलं नाही.

त्याच दवाखान्यात आत्यांचं ऑपरेशन झालं. नाझनीन मॅडमना कळलं तेव्हा त्या भेटायला आल्या, केळी घेऊन. पलंगाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "पाच वेळा उठवलं मी त्यांना त्या पाटीवर. त्यांच्या पायातलं सगळं मोजलं. आणि एकदाही मनात आलं न्हाई, की ह्यांचं स्वतःचं हाड कसं असंल." मग म्हणाल्या, "माझ्याकडं ते आकडे अजून आहेत. मला ते उघडवत न्हाईत."

माझ्याही मनात आलं नव्हतं.

आम्ही दवाखान्यात असताना घरी पाणी कोण आणतं, हे मला अंकितानं फोनवर सांगितलं. "पप्पा आणत्यात. दोन्ही हातात बादल्या घेऊन. पहिल्या दिवशी बायका हासल्या. आता त्यांना पुढं जाऊ देत्यात."

आता

पुढच्या साली पाऊस झाला. जनावरं छावणीवरून परत आली, केंद्र उघडलं. आण्णांनी वेल्डरकडून मला एक उंच स्टूल करून घेतलं, पाय लांब ठेवता येईल असं. मी त्याच्यावर बसून दूध मोजते. कॅन दुसरे उचलतात. संडास बदलून घ्यावा लागला. खाली बसून जेवता येत नाही, आणि लग्नाकार्यात पंगतीत मी एकटीच खुर्चीवर असते, याची अजून लाज वाटते.

आत्या वॉकर धरून दारापर्यंत येतात. त्याच्या पुढं नाही. मी बरी झाले असं लोक म्हणतात तेव्हा त्या तिथं वॉकर धरून उभ्या असतात, आणि माझ्याच्यानं 'हो' म्हणवत नाही.

दर चार महिन्यांनी एक्स-रे असतो. मागच्या खेपेला आत्यांचीही तपासणी होती, म्हणून दोघी बरोबरच गेलो. सर्जननी माझी फिल्म दिव्यावर लावली आणि सिमेंटच्या कडेला एका जागी पेनाचं टोक ठेवलं. तिथं एक बारीक काळपट रेघ होती. मागच्या वेळी ती नव्हती.

"काही नसेलही," ते म्हणाले. "सिमेंटच्या कडेला अशी रेघ दिसते कधी कधी. गाठ पुन्हा आली असेल तर ती वाढेल. चार महिन्यांनी कळेल."

मी बाहेर आले. आत्या बाकावर बसल्या होत्या, वॉकर पुढं धरून.

"काय म्हनले?"

मी खोटं बोलणार होते. त्यांच्याकडं पाहिल्यावर बोलता आलं नाही. "एक रेघ दिसतीय. चार महिन्यांनी या म्हणाले. तवा कळंल."

व्हरांड्यातून स्ट्रेचर गेलं, त्यांनी पाय आत घेतले. मग वॉकरवर जोर देऊन उठायला लागल्या. मी हात दिला नाही, भार घ्यायचा नाही म्हणून मला देता येत नाही. मी नुसती जवळ उभी राहिले.

उठल्यावर त्यांनी दम घेतला. "मंग चार महिने हायेत की आपल्याला," त्या म्हणाल्या. "चल, गाडी निघंल."